ही खिचडी कोणत्या ताटात वाढू?

या वेळचं पत्र यवतमाळकडच्या एका मुलीचं आहे, केमिस्ट्रीत पीएच.डी. करतेय, चौथं वर्ष. पत्र चांगलं चार पानी होतं, मी कापून देते:

"ताई, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या काड्यांच्या) कोळशावर तुरटी आणि चुन्याचा थर देऊन मी पाण्यातलं फ्लोराइड काढणारं मटेरियल बनवलंय. माझा एक मित्र मेकॅनिकलचा लेक्चरर आहे, त्याने त्याचा घरगुती फिल्टर केला. दुसरा मित्र कॉम्प्युटरवाला, त्याने १४० विहिरींच्या डेटावर मॉडेल चालवलं, कुठल्या विहिरीत फ्लोराइड जास्त असेल ते सांगणारं. मैत्रीण एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्य शिकलेली, तिने पांढरकवड्याच्या बाजूच्या गावांत घरोघरी जाऊन बायकांशी बोलून सर्व्हे केला. आम्ही चौघांनी मिळून एकच मोठा पेपर लिहिला. केमिस्ट्रीच्या जर्नलने परत पाठवला, म्हणे सर्व्हे आमच्या विषयात बसत नाही. कॉम्प्युटरच्या कॉन्फरन्सने सांगितलं यात नवीन काय. सोशल सायन्सवाल्यांनी तर रिव्ह्यूलाही पाठवला नाही. आमचे सर म्हणतात ही खिचडी आहे, टाकून दे नि कोळशावर लक्ष दे. आता एका इंटरनॅशनल मल्टिडिसिप्लिनरी जर्नलचा मेल आलाय, सोशल सायन्स, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, केमिस्ट्री सगळं घेतात, ७२ तासांत छापतात, फी १८०० रुपये, चौघांना वेगवेगळं सर्टिफिकेट. देऊन टाकू का? आणि नावांचा क्रम कसा लावायचा, त्यावरून आमच्यात बोलणं बंद व्हायची वेळ आलीये. – खिचडीवाली"

खिचडीवाली, आधी त्या १८०० रुपयांचं बोलू कारण ते सगळ्यात सोपं आहे. देऊ नकोस.

आता तू म्हणशील ताई जर्नल सगळे विषय घेतं यात वाईट काय, नेचर, प्लॉस वन अशी नावाजलेली जर्नल्स पण घेतात. बरोबर आहे, सगळे विषय घेणं हा गुन्हा नाही. पण तुझ्या पेपरात फ्लोराइड मोजलंय ते बरोबर मोजलंय का हे केमिस्ट बघणार, मॉडेल बरोबर आहे का हे कॉम्प्युटरवाला बघणार, सर्व्हे कसा केला ते समाजशास्त्राचा माणूस बघणार, म्हणजे किमान तीन वेगवेगळे लोक आले, त्यांनी वाचायचं, शंका काढायच्या, तुम्ही उत्तरं द्यायची, आणि हे सगळं ७२ तासांत? अगं ७२ तासांत आपल्याकडे भिजत घातलेल्या कडधान्याला मोड येतात फार तर. म्हणजे कोणीच वाचणार नाही, पैसे जमा झाले की पीडीएफ अपलोड. मेलमध्ये इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरांचा इतर लोक सरासरी किती उल्लेख करतात तो आकडा) पण लिहिलेला असेल ठळक अक्षरात, तो खरा आकडा काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत आहे का बघ, आणि आयएसएसएन नंबर आहे म्हणून खूश होऊ नकोस, तो नियतकालिकाचा नोंदणी नंबर आहे, दर्जाचा दाखला नाही. एडिटोरियल बोर्डावर ज्यांची नावं आहेत त्यातल्या दोघांना त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या पत्त्यावर सरळ मेल टाकून विचार की तुम्ही खरंच आहात का या बोर्डावर. मी एकदा विचारलं होतं. एका प्राध्यापकांना माहितीच नव्हतं की ते बोर्डावर आहेत.

हे दुकान आपल्याकडे का फोफावलं ते तुला माहीत असेलच. पीएच.डी.साठी पेपर लागतो, प्रमोशनला पेपर लागतो, मग पेपर विकणारे येणारच. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जर्नल्सची एक मान्यताप्राप्त यादी होती, २०१८च्या मे महिन्यात त्यातली ४,३०५ जर्नल्स एका झटक्यात काढावी लागली. मग केअर लिस्ट नावाची नवी यादी आली, तिचं बरंचसं काम आपल्या पुण्याच्या विद्यापीठातून चालायचं, आणि २०२५च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती लिस्टही बंद केली. आता ठरवायचं कॉलेजांनी आणि तुम्ही. त्यामुळे "यादीत आहे ना, मग झालं" हा आधार पण गेला, आता डोळे उघडे ठेवूनच चालावं लागणार. अजून एक, तुला पेपर "लागतोच" असं तू धरून चाललीयेस. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी थिसिस सबमिट करायच्या आधी पेपर छापलेला असलाच पाहिजे ही सक्ती काढलीये. पण युनिव्हर्सिटीचे स्वतःचे नियम असू शकतात, तर तुझ्या विद्यापीठाचा पीएच.डी.चा ऑर्डिनन्स स्वतः डाउनलोड करून वाच, सीनियर काय म्हणतात त्यावर जाऊ नकोस, सीनियर त्यांच्या वेळचे नियम सांगतात.

हं. आता खिचडी.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, नेहमीचंच आहे, चार विषय एकत्र केले की कोणीच घरात घेत नाही. दुसऱ्यांदा वाचताना तिसऱ्या पानावर एक वाक्य सापडलं जे तू जाता जाता लिहिलंयस आणि पेपरात तर नसेलच. तू लिहितेस, "वाटलेले निम्म्याहून जास्त फिल्टर तीन महिन्यांत कोपऱ्यात गेले, बायका म्हणतात या पान्यात डायच (डाळच) नाई शिजत, पण ते असो, जनजागृती कमी पडली."

अगं ते असो कसं! तुझ्या चार पानांत तेच तर आहे.

बघ. फ्लोराइड जास्त असलेलं भूजल बऱ्याचदा कसं असतं? कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त. कारण कॅल्शियम असलं की ते फ्लोराइडला धरून खाली बसवतं, कॅल्शियम कमी म्हणून तर फ्लोराइड पाण्यात राहतं. हे तू एम.एस्सी.ला शिकलीयेस. म्हणजे ते पाणी मऊ आणि थोडं अल्कली. आणि मऊ अल्कली पाण्यात डाळ कशी शिजते? पटकन. आपण छोल्यात चिमूटभर सोडा टाकतो तो कशासाठी? म्हणजे त्या बाईच्या दृष्टीने ती विहीर गावातली सगळ्यात चांगली विहीर आहे, पाणी गोड, डाळ मऊ, आणि फ्लोराइडला ना वास ना रंग, दात पिवळे पडतात नि गुडघे धरतात ते कितीतरी वर्षांनी. आता तू तिला फिल्टर दिलास ज्यात चुना आहे. त्यातून कॅल्शियम पाण्यात उतरत असेल तर पाणी जड होणार, आणि तुरटीमुळे पाण्यातलं बायकार्बोनेट खर्ची पडत असेल तर अल्कलीपणाही कमी होणार, दोन्हीकडून डाळीचं वाटोळं. त्या बाईने तुला जनजागृती नसल्याचं कारण नाही दिलं, तिने तुला तुझ्या मटेरियलचा लीचिंग डेटा, म्हणजे त्यातून पाण्यात काय उतरतं ते, दिलाय, फुकटात, आणि तू तो सर्व्हेच्या "इतर" रकान्यात टाकलास.

मी इथून छातीठोकपणे सांगू शकत नाही की असंच झालंय, कदाचित चव तुरट लागत असेल, कदाचित थेंब थेंब पडतं म्हणून कंटाळल्या असतील. पण मोजायला किती वेळ लागतो? फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी, पीएच, अल्कलिनिटी, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि अॅल्युमिनियम. हार्डनेस तर ईडीटीएचं टायट्रेशन आहे, फर्स्ट इयरची पोरं करतात. अॅल्युमिनियम मात्र नीट कर, भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसेल तर ०.२ पर्यंत. फ्लोराइड काढून अॅल्युमिनियम पाजलं तर काय मिळवलं.

आणि हो, फ्लोराइड कशाने मोजलंस ते पत्रात नाही. इलेक्ट्रोडने मोजलं असशील तर टिसॅब बफर टाकलं होतंस ना? नसेल तर सगळं परत मोज. फिल्टरमधून आलेल्या पाण्यात अॅल्युमिनियम असेल तर ते फ्लोराइडला पकडून बसतं, इलेक्ट्रोडला तो पकडलेला फ्लोराइड दिसतच नाही, आकडा कमी येतो आणि आपण नाचतो की फिल्टर भारी चालतो. बफर त्याला सोडवतं आणि पीएच पाचच्या आसपास ठेवतं. मी स्वतः रिव्ह्यूला आलेले असे पेपर परत पाठवलेत, ९८ टक्के रिमूव्हल वगैरे लिहिलेलं, आणि मेथडमध्ये बफरचा उल्लेख नाही.

हे सगळं का सांगतेय, तर यासाठी की तुमच्या पेपरात चार विषय शेजारी शेजारी बसलेत, एस.टी.च्या बाकावर अनोळखी माणसं बसतात तसे. कोळशाचा भाग काढला तर सर्व्हेला फरक पडत नाही, सर्व्हे काढला तर मॉडेलला फरक पडत नाही. म्हणून सगळ्यांनी परत पाठवला, आणि खरं सांगू, बरोबर केलं. तुमच्या सरांचं "खिचडी" हे म्हणणं पण चुकीचं नाही, फक्त खिचडी शिजलेली नाही, डाळ वेगळी तांदूळ वेगळा आहे. डाळ का शिजत नाही हा प्रश्न विचारलास की मात्र चारातले तीन विषय आपोआप एकमेकांना लागायला लागतात, बाईचं म्हणणं केमिस्ट्रीने तपासायचं, केमिस्ट्रीतून जे निघेल ते तुझ्या मेकॅनिकलवाल्याने डिझाइनमध्ये दुरुस्त करायचं, म्हणजे चुन्याऐवजी काय, पाण्याचा वेग किती, आणि मग परत त्याच बाईकडे जाऊन विचारायचं, आता?

चारातले तीन असं मी म्हटलं. चौथा मॉडेलवाला. त्याला वाईट वाटेल पण सांगते. १४० विहिरी घेऊन फ्लोराइडचा अंदाज, ठीक आहे, शिकायला छान. पण २०१८मध्येच स्विस संशोधक आणि आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची मंडळी यांनी मिळून सबंध भारतासाठी हे केलंय, साडेबारा हजारांवर मोजमापं, रँडम फॉरेस्ट नावाची मॉडेलची पद्धत, आणि त्यांचा अंदाज होता की सुमारे १२ कोटी लोक धोक्याच्या भागात राहतात. मग कॉन्फरन्सवाले विचारणारच की तुमचं नवीन काय. त्यांना नवीन अल्गोरिदम हवा असतो, नवीन विहिरी नाही. शिवाय तू ९६ टक्के अॅक्युरसी लिहिलीयेस, त्याला विचार, ट्रेनिंग आणि टेस्टचे गट कसे पाडले? सगळ्या विहिरी मिसळून चिठ्ठ्या काढल्यासारखे पाडले असतील तर एकाच गावातली एक विहीर शिकायला नि शेजारची परीक्षेला, दोघींचं पाणी एकाच खडकातलं, ही सरळ पेपरफुटी झाली. अख्खी गावं बाजूला काढून त्यांच्यावर टेस्ट करा, मग किती टक्के येतात बघा. ही चूक फक्त तुमची नाही हं, प्रिन्स्टनच्या कपूर आणि नारायणन या दोघांनी २०२३मध्ये दाखवलं की १७ वेगवेगळ्या विषयांतल्या पेपरांत ही अशी गळती सापडते, कारण रसायनवाला, डॉक्टर, अर्थशास्त्रवाला, सगळेच मॉडेल चालवतात पण ते तपासायची सवय त्यांच्या विषयात नसते. त्याने नीट केलं आणि आकडा घसरला तरी तो खरा आकडा आहे, तुझ्या थिसिसमध्ये एक चॅप्टर म्हणून चालेल, कुठली गावं निवडली याचं कारण म्हणून. मोठ्या पेपरातून मात्र काढा.

मैत्रिणीच्या कामाबद्दल एकच गोष्ट पण ती फार महत्त्वाची. सर्व्हेच्या आधी एथिक्स कमिटीची परवानगी घेतली होती का? बायकांना सांगितलं होतं का की हे छापलं जाईल, नको असेल तर नाही म्हणा? केमिस्ट्रीत आपल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, बाटलीतल्या पाण्याची संमती घ्यावी लागत नाही, त्यामुळे आपण सरळ विसरतो. सोशल सायन्सवाल्यांनी पेपर दारातूनच परत केला त्यात हेही एक कारण असू शकतं. परवानगी नसेल तर जुना डेटा दडपून छापू नका, कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या कमिटीकडे जा, काय झालं ते खरं सांगा, पुढच्या फेरीसाठी रीतसर परवानगी घ्या. आणि तिला "सँपल साइज किती" म्हणून छळू नका. ती जेव्हा पंचवीस बायकांशी तासतासभर चुलीपाशी बसून बोलते तेव्हा ते पंचवीस रीडिंग नसतात. तू तुझ्या लॅबमध्ये एकच प्रयोग तीनदा करतेस ते वेगळं आणि हे वेगळं, तिथे ती नवीन काहीच ऐकू येईनासं होईपर्यंत बोलत राहते. डाळीचं वाक्य तिच्याचमुळे मिळालं ना? प्रश्नावलीत "डाळ शिजते का" असा रकाना कोणी टाकला असता?

मग छापायचं कुठे. माझ्या मते असं. मटेरियलचा पेपर सुटा, केमिस्ट्रीच्या जर्नलला, पण नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून काढलेल्या लँगम्युअरच्या वक्रावर (मटेरियल किती फ्लोराइड धरतं त्याचा आलेख) नको, आर स्क्वेअर, म्हणजे वक्र डेटाशी किती जुळतो तो आकडा, ०.९९ सगळ्यांचाच येतो. खऱ्या विहिरीचं पाणी घे, त्यात बायकार्बोनेट फ्लोराइडशी जागेसाठी किती भांडतं ते दाखव, किती वेळा वापरून परत वापरता येतं ते दाखव, काय काय उतरतं ते दाखव. हा तुझा थिसिसचा कणा, आणि सर यावर खूश राहतील. दुसरा पेपर तिघांचा, फिल्टर गावात का टिकला नाही हा, तो पाणी आणि स्वच्छतेच्या विकासकामावर जी जर्नल्स असतात तिकडे, जर्नल ऑफ वॉटर, सॅनिटेशन अँड हायजीन फॉर डेव्हलपमेंट नावाचंच एक आहे, तिथले रिव्ह्यूअर इंजिनिअरिंग आणि गाव दोन्ही समजणारे असतात. मात्र दोन पेपर केलेस तर एकातल्या मेथडचे परिच्छेद उचलून दुसऱ्यात चिकटवू नकोस, स्वतःचं असलं तरी सॉफ्टवेअर पकडतं आणि पकडायलाच हवं, आणि दुसऱ्यात पहिल्याचा उल्लेख स्पष्ट कर. एकाच गोष्टीच्या पातळ पातळ चकत्या करून सहा पेपर, ते नको.

आणि अपयश छापणार कोण असं मनात आणू नकोस. नीरीची फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत तुला माहितीये, तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर, सत्तरच्या दशकातली, कागदावर इतकी स्वस्त आणि सोपी की वाटावं प्रश्न मिटला. तरी गावोगावी प्रश्न आहेच ना? गाळ कुठे टाकायचा, रोज तुरटी मोजून कोण घालणार, चव. म्हणजे केमिस्ट्री पन्नास वर्षांपूर्वी झालीये, पुढचं अडलंय. त्यात तुझं काम येतं. आयआयटी मुंबईत सीटारा नावाचं सेंटर १९८५पासून असल्याच प्रश्नांवर आहे, गावाला लागणारं तंत्रज्ञान, तिथल्या पीएच.डी.चे थिसिस उघडून बघ, त्यांनी दोन विषय एका थिसिसमध्ये कसे बांधलेत ते कळेल. शोधगंगावर, म्हणजे आपल्याकडच्या थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावर, पण शोध.

सरांशी कसं बोलायचं. "सर मला इंटरडिसिप्लिनरी करायचंय" असं म्हणू नकोस, हा शब्द ऐकला की जुन्या लोकांना वाटतं पोरगी पळवाट शोधतेय. म्हण, "सर, फिल्टरमधून कॅल्शियम उतरतंय असं वाटतं, मोजू का?" हा शुद्ध केमिस्ट्रीचा प्रश्न आहे, ते नाही म्हणणार नाहीत. आकडे आले की ते घेऊन रिसर्च अॅडव्हायझरी कमिटीसमोर जा, आणि तिथे सोशल वर्कच्या किंवा सिव्हिलच्या एखाद्या प्राध्यापकाला को-गाइड घ्यायचं सुचव, २०२२च्या नियमांत त्याला वाव आहे, फक्त सरांना आधी एकट्यात सांग, कमिटीत पहिल्यांदा कळलं तर माणूस दुखावतो.

आता नावांचं. यावर मी जरा हळवी आहे कारण मी एक चांगला मित्र यातच घालवला. आम्ही तिघे होतो, मी केमिस्ट, एक अर्थशास्त्राचा, एक सिव्हिलचा. पेपर स्वीकारला गेल्यावर नावं लावायला बसलो, म्हणजे मूर्खपणा तिथेच झाला. अर्थशास्त्रवाला म्हणाला आमच्यात आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात, त्यात भांडण कसलं. सिव्हिलवाला म्हणाला ज्याने जास्त काम केलं तो पहिला. मी म्हटलं आमच्याकडे शेवटचं नाव आणि त्यावरची चांदणी, म्हणजे ज्याच्याशी पत्रव्यवहार करायचा तो, ही मानाची जागा, तिथे माझे गाइड येणार. अर्थशास्त्रवाल्याला वाटलं ज्या माणसाने काहीच केलं नाही त्याला मी घुसवतेय, मला वाटलं हा माझा मान काढतोय, आणि दोघंही आपापल्या गावच्या रिवाजाप्रमाणे बरोबर होतो. अजून लग्नाकार्यात दिसला तर तो मान वळवतो.

तर तुम्ही हे आत्ता करा, पुढचं एकही सँपल घ्यायच्या आधी. चौघं बसा, चहा घ्या, कागदावर लिहा की कोणत्या पेपरात पहिलं कोण, पत्रव्यवहार कोणाकडे, सरांचं नाव कशात येणार आणि कशात नाही. क्रेडिट नावाची एक पद्धत आहे, १४ प्रकारची कामं ठरवून दिलीयेत, कल्पना कोणाची, डेटा कोणी गोळा केला, सॉफ्टवेअर कोणाचं, पहिला मसुदा कोणी लिहिला वगैरे, बरीच जर्नल्स आता हे मागतातच. ती यादी समोर ठेवली की भांडण माणसांवरून कामांवर येतं. माझं मत विचारशील तर मटेरियलच्या पेपरात तू पहिली, सर शेवटी. गावाच्या पेपरात तुझी एमएसडब्ल्यू मैत्रीण पहिली. हो, तू नाही. ते वाक्य तिने ऐकलं. मग त्या कागदाचा फोटो काढून चौघांना मेल कर, व्हॉट्सअॅपवर नको, व्हॉट्सअॅपवरचं सहा महिन्यांनी सापडत नाही. मॉडेलवाल्याचं नाव काढताना त्याला आधी फोन कर. थिसिसच्या चॅप्टरसाठी आभार मान आणि त्याचा डेटा त्याचाच आहे, तो गावं बाजूला काढून परत चालवून स्वतःचा छोटा पेपर करू शकतो, प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे रिव्ह्यूच्या आधीच, अर्काइव्ह या साइटवर टाकू शकतो, त्याच्या लोकांत ते चालतं.

पुढच्या आठवड्यात गावात जाशील तेव्हा पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांत आण, फ्लोराइडसाठी काच नको. आणि जाताना अर्धा किलो तुरीची डाळ घेऊन जा. ज्या बाईने ते वाक्य म्हटलं तिच्याच घरी, तिच्याच चुलीवर, दोन सारखी पातेली, एकात विहिरीचं पाणी, एकात फिल्टरचं, सारखी मोजून डाळ, कुकर नको, आणि घड्याळ. कधी शिजली ते तू ठरवू नकोस, तिला बोटाने दाबून ठरवू दे. दोन्ही वेळा लिहून घे नि मला कळव.